पाहुणेघर, पुन्हा हाती घेतलेला ब्रश आणि ‘जुळून येणं’: चाळीसगाव तालुक्यातल्या एका ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुण्यातली नोकरी सोडून चाळीसगाव तालुक्यातल्या वडिलांच्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरात राहायला यायचं तुम्ही ठरवलंय. शाळेत इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेला ए ग्रेड होती, त्यानंतर पंचवीसेक वर्षं ब्रशला हात लागला नाही. आता चित्र पुन्हा सुरू करायचंय आणि घरखर्च निघावा म्हणून कर्ज काढून चार खोल्यांचं पाहुणेघरही करायचंय. असं करणारी माणसं नेहमी सांगतात की ‘सगळं आपोआप जुळून आलं’, हवा तो माणूस हवा तेव्हा दारात उभा राहिला. यावर किती विसंबायचं, आणि पाहुण्यांच्या धबडग्यात चित्र पुन्हा मागे तर पडणार नाही ना, हे तुम्हाला जाणून घ्यायचंय.

मी चित्रकलेची शिक्षिका होते. पोरांची चित्रं तपासताना माझं स्वतःचं चित्र सुटलं आणि पाटणादेवीच्या बाजूला शेतात पाहुणेघर काढल्यावर ते परत हाती आलं. त्यामुळे सांगते, जुळून येणं खोटं नाही. ठरवून कधी मिळाल्या नसत्या अशा गोष्टी मला पाहुण्यांमुळे मिळाल्या. पण सांगणारे एक गोष्ट गाळतात: वर्षातले कितीतरी महिने काहीच जुळत नाही. पाहुणे येतात, शेवभाजी खातात, लेणी बघतात आणि जातात. हिशेब मांडायचा तो हे कोरडे महिने धरून.

तुमचे दोन प्रश्न मला एकाच प्रश्नाच्या दोन बाजू वाटतात. जुळून यायला दोन गोष्टी लागतात. आपलं नेमकं काय अडलंय ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसलं पाहिजे, आणि उत्तर दारात आलं की दुसऱ्या दिवशी त्याच्या मागे लागायला मोकळा वेळ पाहिजे. खोल्या जास्त झाल्या की आधी हा मोकळा वेळ जातो, पाठोपाठ चित्र जातं. म्हणून सगळी गोष्ट खोल्या किती यावर येऊन ठेपते. असं का म्हणते ते सांगते.

आमच्या ओसरीत शाळेची जुनी पाटी टांगलेली आहे. जेवणाच्या वेळा लिहायला म्हणून लावली होती. खाली जागा उरायची, तिथे त्या आठवड्यात चित्रात काय अडलंय ते मी लिहायला लागले. पावसाळा ओसरल्यावर सातमाळ्याच्या डोंगराला जो हिरवा येतो तो तुम्ही लहानपणी पाहिला असेल. काळ्या दगडावर पातळ गवत, त्यामुळे हिरव्यात राखाडी मिसळलेली. ट्यूबमधला कुठलाही हिरवा तिथे लावला की ओरडतो. पिवळा, निळा आणि चिमूटभर तांबडा असं मिश्रण करून पाहिलं, तर तो मेल्यासारखा दिसायचा. म्हणून पाटीवर लिहिलं: ‘हिरवा हवा आहे. झाडाचा नको, डोंगराचा.’

त्या आठवड्यात भूगर्भशास्त्र शिकवणारे एक प्राध्यापक उतरले होते, पितळखोऱ्याच्या लेण्यांना आणि पुढे अजिंठ्याला निघालेले. चहा घेता घेता त्यांनी पाटी वाचली आणि विचारलं, ‘इथे जवळपास कुठे खोदलंय का?’ मागे शोषखड्ड्यासाठी खोदलेल्या दगडांचा ढीग पडला होता. त्यातून त्यांनी एक काळा दगड उचलून माझ्या हातात ठेवला. त्याला लहान लहान पोकळ्या होत्या आणि एका पोकळीच्या आत मळकट हिरवा पापुद्रा बसलेला. नखाने खरवडला तर पिठासारखा निघाला. लाव्हा थंड होताना आत अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहतात आणि पुढे त्यांत अशी खनिजं साठतात, हे त्यांनी समजावलं. अजिंठ्याच्या चित्रकारांनी हिरवा असल्याच मातीचा वापरला. पिवळी माती, गेरू, काजळी हे रंगही हाताशी मिळणारेच. निळ्यासाठीचा लाजवर्द दगड तेवढा फार लांबून आला. तिथली चित्रं ओल्या चुन्यावर काढलेली नसून माती-भुश्याच्या वाळलेल्या गिलाव्यावर, रंगात चिकट द्रव्य घालून काढलेली आहेत, हेही तेच म्हणाले. पुस्तकात मी ते वाचलं होतं, पण हातात दगड असताना ऐकलं तेव्हा डोक्यात बसलं.

हा रंग कसा करायचा ते सविस्तर सांगते, कारण तुमच्या शेतातही असे दगड निघण्याचा बराच संभव आहे. पापुद्रा चाकूने खरवडायचा. खलात बारीक करताना नाकातोंडाला फडकं बांधायचं, ती धूळ छातीत जाऊ द्यायची नाही. पूड वाटीभर पाण्यात ढवळून क्षणभर थांबायचं. जड रेती खाली बसते, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या वाटीत ओतायचं आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी वरचं नितळ पाणी काढून टाकलं की तळाशी जो गाळ राहतो तो रंग. तो वाळवायचा. बाभळीचा डिंक रात्री भिजत घालून मलमलमधून गाळायचा, त्यात थोडा मध आणि बुरशी येऊ नये म्हणून लवंगतेलाचा थेंब. मग काचेवर रंग आणि डिंक एकत्र घोटत राहायचं, बोटाला कचकच लागेनाशी होईपर्यंत. हा हिरवा फिका असतो, एका हातात अंगावर येत नाही. पातळ थर वाळू द्यायचा, त्यावर दुसरा, मग तिसरा. चौथ्या थराला डोंगर दिसायला लागतो.

पाणीही महत्त्वाचं. आपल्या बोअरचं पाणी जड असतं. त्यात घरी केलेला रंग फुटतो आणि कागदावर पांढुरके डाग राहतात. पावसाचं साठवलेलं नाहीतर आरओचं पाणी वापरा.

आता यात योगायोग किती? प्राध्यापक त्या दिवशी आले, एवढाच. पाटी नसती तर त्यांनी नाश्ता केला असता आणि पितळखोऱ्याची वाट धरली असती. दुसरा दिवस मंगळवार होता, आणि मंगळवारी आम्ही खोल्या बंद ठेवतो. म्हणून तो दगड त्याच दिवशी खलात पडला. खोल्या भरलेल्या असत्या तर खिडकीत ठेवला असता, आणि अशा खिडकीतल्या वस्तूंचं पुढे काय होतं ते आपण सगळ्याच बायका जाणतो.

दोसुतीचं, म्हणजे दुहेरी सुताच्या जाड कापडाचंही तसंच झालं. मालेगावचे एक यंत्रमागवाले कुटुंब घेऊन आले होते. त्यांनी पाटीवर वाचलं, ‘मोठं चित्र काढायचंय, कॅनव्हास परवडत नाही.’ जाड कोरी दोसुती वापरा म्हणाले आणि पुढच्या फेरीला ताका घेऊन आले. ती आधी धुऊन आटवायची, चौकटीवर ताणायची, गेसोचे, म्हणजे रंगाआधीच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन-तीन हात द्यायचे, प्रत्येक हात वाळला की पॉलिश पेपर फिरवायचा. मोठी चित्रं मी आता त्यावरच करते.

पाटीवर काय लिहायचं यालाही रीत आहे. ‘मला चित्रकार व्हायचंय’ असं लिहिलंत तर लोक कौतुक करतील आणि जातील. ‘म्हशीची मान वळलेली असताना खांदा कसा दिसतो?’ असं लिहिलंत तर कुणीतरी मोबाइलमधला फोटो काढून दाखवेल, नाहीतर दूध घालणारा दादा तुम्हाला गोठ्यात घेऊन जाईल. माझ्या ओसरीत असं घडलेलं आहे. गरज जितकी बारीक, तितकं ते कोडं सोडवायला लोकांना आवडतं.

पुन्हा सुरुवात कशी करायची याबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात, पण काळजी खरी तिथेच दिसते. हात लवकर परततो, नजर उशिरा. पहिले काही महिने चित्र फसल्यासारखं वाटेल, कारण मधल्या काळात तुम्ही चांगली चित्रं पाहिलीत आणि आवड पुढे गेली आहे. या काळातलं काम घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. ‘वा, छान’ यानेही नुकसान होतं आणि ‘हे काय आहे?’ यानेही. जुने वाळलेले रंग टाकून द्या. चांगला जाड सुती कागद थोडाच आणा, पण तोच आणा. पातळ कागद पाण्याने फुगतो आणि दोष आपण हाताला देतो.

आणि इंटरमिजिएटचं स्मरणचित्र आठवतंय का? पाहुणेघर चालवणाऱ्या चित्रकारासाठी त्याहून चांगला सराव मला माहीत नाही. पाहुणा समोर असताना त्याचं चित्र काढणं बरं दिसत नाही, तोही अवघडतो. तो गेल्यावर संध्याकाळी आठवून काढायचं. चेहरा आठवत नाही, आणि ते चांगलंच आहे. आठवतं ते उभं राहणं: एक पाय उंबऱ्यावर, कप दोन्ही हातांत धरलेला, मान किंचित पुढे. एकदा मी असंच एका आजोबांचं चित्र काढलं, चेहरा कोराच ठेवलेला. आमच्या स्वयंपाकाच्या मावशींनी ते लांबूनच पाहिलं आणि म्हणाल्या, ‘हाऊ तं तोच शे!’ (हा तर तोच आहे!) पुढच्या थंडीत तेच कुटुंब भरितासाठी परत आलं. वहीची पानं उलटताना नातवाने आजोबांना ओळखलं आणि त्या लोकांनी अख्ख्या घराचं चित्र करून मागितलं. त्या चित्रातही मी कुणाचे चेहरे रंगवले नाहीत, त्यांनी मागितलेही नाहीत.

मावशींचा विषय निघालाच आहे तर सांगते, आकृतीचा अभ्यास करायला कुठे लांब जायची गरज नाही. खापरावरच्या पुरणपोळ्या होतील त्या दिवशी कोपऱ्यात स्केचबुक घेऊन बसा. पोळी हातांवरून हातांवर झेलत मोठी होत जाते, मनगटापासून कोपरापर्यंत पसरते, आणि पालथ्या खापरावर टाकताना दोन्ही खांदे एकदम खाली येतात. तो एक क्षण पकडायला मला फार दिवस लागले. करणारीला विचारून मगच बसायचं. आमच्या मावशींची अट अशी की चित्र आधी त्यांना दाखवायचं, आणि ती मला पूर्ण मान्य आहे.

वर्षाचं गणित आपल्याकडे चित्राच्या बाजूने आहे, याचा विचार तुमच्या पत्रात दिसला नाही. पाटणादेवीला पावसाळ्यात धवलतीर्थ, केदारकुंड वाहू लागले की माणसं येतात. नवरात्रात देवीला गर्दी असते. दिवाळीच्या सुट्टीपासून थंडी संपेपर्यंत भरीत आणि कळण्याच्या भाकरीसाठी लोक मुद्दाम येतात. गणिती भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याचा तेराव्या शतकातला शिलालेख पाटणला आहे, त्याच्यापायी गणिताचे शिक्षक वर्षभर अधूनमधून येत राहतात. पण होळीनंतर पारा चढू लागतो, चाळिशी ओलांडून पंचेचाळिसाकडे जातो, आणि जूनपर्यंत इकडे फारसं कुणी फिरकत नाही. धंद्यातले लोक याला मंदी म्हणतात. तुम्ही ते चित्राचे महिने धरा.

मात्र उन्हाळ्यात रंग वेगळे वागतात. जलरंगाचा वॉश, म्हणजे पातळ सपाट हात, कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोचायच्या आत वाळतो. कागद मागून भिजवून काचेवर चिकटवा, रंगात ग्लिसरीनचा थेंब टाका, आणि नऊच्या आत आटपा. अ‍ॅक्रिलिक त्या दिवसांत बंदच ठेवा, पॅलेटवर कातडं धरतं. तैलरंगाला हे दिवस चांगले. तुमचं घर धाब्याचं आहे हे नशीब. जाड मातीच्या भिंतींमुळे आतली खोली बऱ्याच उशिरापर्यंत गार राहते. उत्तरेकडे खिडकी असलेली खोली स्टुडिओसाठी ठेवा. घरातली सगळ्यात चांगली खोली पाहुण्यांना द्यावी असं सगळे सांगतील, पण उत्तरेचा उजेड देऊ नका. पाहुण्याला त्याचं काही नाही, तुम्हाला तो रोज लागणार आहे.

सकाळचं असं करा. खोली ठरवायला फोन येतो तेव्हाच सांगायचं: चहा फ्लास्कमध्ये ओसरीत असेल, नाश्ता नऊला. फोनवर सांगितलेलं लोक मानतात. आल्यावर सांगितलेलं त्यांना टाळल्यासारखं वाटतं. उजाडल्यापासून नऊपर्यंत तुम्ही स्टुडिओत. दार लावून घेऊ नका, पाहुण्यांना जाता-येता चित्र दिसू द्या. फक्त त्या वेळात हाक मारायची नाही, हे पाटीवरच लिहून ठेवायचं. नऊनंतर मनापासून गप्पा मारा. सकाळभर पाहिलेल्या चित्राबद्दल नाश्त्याला जो प्रश्न येतो तो बहुतेक वेळा कामाचा असतो.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या मी इथून ठरवू शकत नाही. घरात दुसरं कर्तं माणूस आहे का? विहिरीला मे महिन्यात पाणी राहतं का? टँकर आणावा लागत असेल तर एक खोलीसुद्धा भारी पडेल. फाट्यापासून घरापर्यंतच्या रस्त्यावर पावसात गाडी रुतते का? स्वयंपाकाला कायमचं माणूस मिळेल का? मिळालं तरी श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्या खानदेशातली देवी कानबाई घरोघरी बसते, त्या दिवशी गावात कुणी कामाला येणार नाही, आणि येऊही नये. आम्ही त्या दिवशी खोल्या देतो त्या एवढं सांगून की घरचं जेवण साधं असेल आणि संध्याकाळी गावात कानबाई बघायला जायचंय. लोक खूश होतात.

गावात एकट्या पडाल ही भीती तुम्ही व्यक्त केलीत. चाळीसगावातच छायाचित्रकार केकी मूस यांचं घर आहे, कलादालन म्हणून जपलेलं. १९८९ मध्ये ते गेले. आयुष्यातली कितीतरी दशकं ते त्या घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत आणि आतल्या आत छायाचित्रं, चित्रं, शिल्पं करत राहिले. त्यांच्यासारखं दार लावून घ्या असं मी म्हणत नाही. पण इकडे आल्याच्या पहिल्या आठवड्यात तिथे एकदा जाऊन या. टेबलावर मांडलेल्या साध्या वस्तूंतून त्यांनी छायाचित्रांत अख्खे देखावे उभे केलेत. आपल्याच तालुक्याच्या गावात बसून हे झालं, हे डोळ्यांनी पाहिल्यावर ‘इथे काय होणार’ हा विचार कमी होतो.

पैशांचं. पहिली काही वर्षं चित्रविक्री हिशेबात धरू नका. भिंतीवर चित्रं लावा, किमतीची चिठ्ठी लावू नका. चिठ्ठी दिसली की पाहुण्याला दुकानात उतरल्यासारखं वाटतं. किमती एका वहीत ठरवून ठेवा, कुणी विचारलं तर तीच सांगा, गप्पा रंगल्या म्हणून कमी करू नका. प्रत्येक विकलेल्या चित्राचा चांगल्या उजेडात फोटो काढून ठेवा. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यात ब्रिटिश लष्करी अधिकारी रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून कित्येक वर्षं घातली, आणि त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. ते आपल्या भुसावळला पुरलेले आहेत. नोंद ठेवायचा कंटाळा आला की मला त्यांची आठवण येते.

कागदपत्रांचं जड वाटतं तितकं नसतं. घर शेतात असेल तर राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते का ते आधी बघा. गावात असेल तर निवास व न्याहारी योजना बघा. जेवण देणार म्हणजे अन्नसुरक्षेची नोंदणी लागेलच. अजिंठा-वेरूळमुळे परदेशी पाहुणे येतात. त्यांची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन भरावी लागते, तिथे चालढकल चालत नाही.

आता कर्जाचं. चार खोल्यांसाठी कर्ज घेतलंत तर हप्ता तुमच्या मंगळवारला हात घालेल. आधी मंगळवार जाईल, मग सकाळ. दोन खोल्यांवर सुरुवात करा, त्याही घरात आहेत त्याच, नव्या बांधू नका. संडास-बाथरूम मात्र नवं आणि चांगलं करा. खर्च करायचा तो तिथे, गाद्यांवर आणि पाण्याच्या टाकीवर. दोन खोल्यांत घरखर्च पूर्ण निघेल असं मी म्हणणार नाही. तुमच्या साठवणुकीतून किती काळ निभेल ते तुम्हीच बघायचं. तो काळ दोन वर्षांहून कमी असेल तर नोकरी आणखी थोडी करा आणि सुट्टीला इकडे येऊन चित्राला सुरुवात करा. त्यात काही बिघडत नाही.

आणि यायचंच तर होळीनंतर या. पाहुणे न घेता उन्हाळाभर चित्र करा. पावसाआधी धाब्यावर खारी माती टाकून घ्या, ते काम जाणणारी माणसं गावात अजून आहेत. मग एक पावसाळा त्या छताखाली स्वतः राहा, म्हणजे कुठल्या खोलीत गळतं, कुठल्या भिंतीला ओल येते आणि कागद कुठल्या कपाटात कोरडे राहतात ते कळेल. पाहुण्यांच्या खोल्या कुठल्या ते त्यानंतर ठरवा, आणि पहिला पाहुणा दिवाळीला घ्या.